एबीएसचा दिवा विझत नाही तेव्हा

कापडाच्या फेऱ्या करणाऱ्या आमच्या गाडीचा एबीएसचा पिवळा दिवा विझेना. गॅरेजवाल्याने अख्खे युनिट बदलायला सांगितले. आम्ही आधी बॅटरी व फ्यूज तपासले, मग स्कॅनर लावला. कोड पुढच्या डाव्या सेन्सरचा निघाला. पण कोड म्हणजे निकाल नव्हे. दोष सेन्सर, वायर, कनेक्टर, कुठेही असतो. जुन्या पद्धतीच्या सेन्सरचा रोध साधारण 1 ते 2 किलो-ओहम असतो. सेन्सरपाशी तो बरोबर आला, युनिटकडच्या टोकाला मीटर गप्प! म्हणजे मधली वायर तुटलेली. ती बदलली, दिवा विझला.

एबीएस बंद पडले तरी साधा ब्रेक लागतो. मात्र जोरात दाबल्यास चाके जाम होतात. सोबत लाल दिवाही पेटला, तर गाडी हलवू नका.