सोशल मीडियावर स्पर्धा घ्यायचीय? आधी या ८ गोष्टी पक्क्या करा

परवाच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, दुकानाच्या पेजवर गिव्हअवे ठेवू का? फॉलोअर्स वाढतील का?" व्हिडिओत याचं नीट उत्तर द्यायला वेळ पुरला नाही, म्हणून हा धडा लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा. हिशेब आहे यात.

आधी माझी फजिती सांगतो. आमचं सांगलीत भांड्यांचं दुकान. काही वर्षांपूर्वी दिवाळीत मी पहिली स्पर्धा घेतली. "पेज लाईक करा, पोस्ट शेअर करा, ३ मित्रांना टॅग करा आणि मिक्सर जिंका!" आठवडाभर मोबाईल नुसता वाजत होता. फॉलोअर्स जवळपास दुप्पट झाले आणि मी खूश! निकाल लागला तेव्हा विजेता निघाला दुसऱ्या राज्यातला, ज्याचं अख्खं प्रोफाईल अशाच स्पर्धांच्या पोस्टनी भरलेलं. मिक्सर पाठवायचा कुरिअरचा खर्च वर बसला तो वेगळाच. पुढच्या महिन्यात निम्मे नवे फॉलोअर्स गळाले, आणि त्या स्पर्धेमुळे दुकानात किती गिऱ्हाईक आलं म्हणाल, तर मला आठवतात फक्त दोन. त्यातल्या एकाने तर मिक्सर कोणाला मिळाला एवढंच विचारलं.

बीबीएला मार्केटिंग शिकलो होतो, तरी हे घडलं. कारण स्पर्धा कशासाठी घेतोय हे मी स्वतःलाच विचारलं नव्हतं. चला, एकेक करून बघू.

१. उद्देश एकच ठरवा

नवीन गिऱ्हाईक दुकानात आणायचंय? जुन्या गिऱ्हाइकाला परत बोलवायचंय? नवीन माल लोकांना दाखवायचाय? की लोकांनी काढलेले आपल्या वस्तूंचे फोटो हवेत? यातलं एकच निवडा आणि वहीत एका ओळीत लिहा. "फॉलोअर्स वाढवणे" हा उद्देश लिहू नका. फॉलोअर गल्ल्यावर येत नाही, गिऱ्हाईक येतं.

२. बक्षीस आपल्याच धंद्यातलं ठेवा

मिक्सर, मोबाईल, स्मार्ट वॉच सगळ्यांनाच हवं असतं. म्हणून सगळेच येतात, ज्यांना आपल्याकडून कधीच काही घ्यायचं नाही तेसुद्धा. पुढच्या स्पर्धेत मी बक्षीस ठेवलं पितळी सोऱ्या. आता सोऱ्या कोणाला हवा असेल? जी घरी चकली करते तिलाच. म्हणजे माझं गिऱ्हाईक आपोआप गाळून आलं.

तुमचं ब्युटी पार्लर असेल तर फेशियल ठेवा, बेकरी असेल तर वाढदिवसाचा केक, शिलाईचं काम असेल तर एक ब्लाऊज फुकट शिवून. वर एक अट घाला: "बक्षीस दुकानात येऊन घ्यायचं." कुरिअर वाचतं आणि लांबचे हौशी स्पर्धक आपोआप बाजूला होतात.

३. हिशेब आधी, पोस्ट नंतर

हा भाग बहुतेक जण सोडून देतात. एक उदाहरण घेऊ.

बक्षीस (आपल्या खरेदी किमतीत): १,४०० रुपये
उत्तेजनार्थ ३ बक्षिसं, प्रत्येकी २००: ६०० रुपये
पोस्ट बूस्ट करायला: ८०० रुपये
बॅनर, पॅकिंग वगैरे: २०० रुपये
एकूण: ३,००० रुपये

समजा तुमचा नफा विक्रीच्या २५ टक्के आहे. मग हे ३,००० निघायला १२,००० रुपयांची जादा विक्री लागेल. सरासरी बिल ६०० रुपयांचं असेल, तर २० जादा बिलं.

आता गंमत बघा. भाग घेणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही ५० रुपये सूट असलेलं कूपन दिलंत, तर ६०० च्या बिलावर १५० ऐवजी १०० रुपयेच उरतात. म्हणजे २० नाही, ३० बिलं लागतात. कूपन देऊ नका असं मी म्हणत नाही, उलट जरूर द्या. पण हा आकडा माहीत असू दे. "३० जादा बिलं येतील का?" याचं उत्तर मनातून "नाही" येत असेल, तर बक्षीस लहान करा.

४. नशिबाची की कौशल्याची?

"५०० ची खरेदी करा, लकी ड्रॉचं कूपन मिळवा" हे आपण बाजारपेठेत सर्रास बघतो. म्हणून ते बिनधास्त करावं असं नाही. भाग घ्यायला पैसे, निकाल नशिबावर आणि वर बक्षीस, या तीन गोष्टी एकत्र आल्या की ते लॉटरीच्या जवळ जातं, आणि लॉटरीवर कायद्याचं बंधन आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्येसुद्धा विक्री वाढवण्यासाठी घेतलेल्या स्पर्धा आणि लॉटरीचा उल्लेख "अनुचित व्यापारी प्रथा" या व्याख्येत येतो. बक्षीस जाहीर करून न देणं आणि योजना संपल्यावर निकाल लपवून ठेवणं, हेही त्यातच मोडतं.

म्हणून लहान दुकानदाराने एवढं पाळावं:
- भाग घ्यायला पैसे नाहीत आणि खरेदीची सक्तीही नाही.
- निकाल शक्यतो कौशल्यावर: फोटो, रेसिपी, रांगोळी, आठवण, घोषवाक्य.
- बक्षीस लहान. लकी ड्रॉसारख्या बक्षिसाची किंमत १०,००० रुपयांच्या वर गेली की आयकराचा ३० टक्के टीडीएस आडवा येतो, वस्तू दिली तरीसुद्धा. एवढं मोठं काही करायचं असेल तर आधी आपल्या सीएला आणि वकिलाला विचारा.

५. फेसबुक-इन्स्टाग्रामचे स्वतःचे नियम

माझ्या पहिल्या स्पर्धेत मी काय लिहिलं होतं आठवतंय? "शेअर करा, ३ मित्रांना टॅग करा." फेसबुकच्या पेजसाठीच्या नियमात नेमकं हेच चालत नाही. स्वतःच्या टाईमलाईनवर शेअर करणं किंवा मित्रांना टॅग करणं ही भाग घेण्याची अट ठेवता येत नाही. आपल्या पोस्टवर कॉमेंट करायला किंवा पेजला मेसेज करायला सांगू शकता. शिवाय २०१७ च्या डिसेंबरपासून फेसबुकने जाहीरच केलंय की नुसतं "लाईक करा, टॅग करा" म्हणून मागे लागणाऱ्या पोस्ट खाली ढकलल्या जातील.

इन्स्टाग्रामवर जो फोटोत नाही त्याला फोटोत टॅग करायला लावणं चालत नाही. दोन्हीकडे आणखी एक गोष्ट लिहावी लागते: या स्पर्धेशी फेसबुक किंवा इन्स्टाग्रामचा संबंध नाही.

आणि हो, "गुगलवर रिव्ह्यू लिहा आणि बक्षीस मिळवा" हे अजिबात करू नका. बक्षिसाच्या बदल्यात घेतलेले रिव्ह्यू गुगलच्या नियमात बसत नाहीत. वर्षानुवर्षं कमावलेले खरे रिव्ह्यू उगाच संशयात येतील.

६. नियम लिहूनच टाका

माझी दुसरी स्पर्धा होती "आजीचं भांडं". घरातल्या सगळ्यात जुन्या भांड्याचा फोटो आणि त्याची आठवण चार ओळीत. बंब आले, घंगाळं आली, लग्नात आलेली नाव घातलेली ताटं आली. एकीने सासूबाईंच्या हातची कल्हई उडालेली परात पाठवली आणि विचारलं, "कल्हई करून मिळेल का?" तिथे माझा नवीन धंदा सुरू झाला! पण ते पुढे सांगतो. नियम असे लिहिले होते, तुम्ही आपल्या कामाप्रमाणे बदलून घ्या:

"स्पर्धा घटस्थापनेपासून दसऱ्याला रात्री ९ वाजेपर्यंत. प्रवेश मोफत, खरेदीची अट नाही. वय १८ पूर्ण हवं. एका व्यक्तीची एकच प्रवेशिका. फोटो स्वतः काढलेला असावा. आठवणीला ५०, फोटोला ३०, भांड्याच्या वेगळेपणाला २० गुण. तीन परीक्षकांचा निर्णय अंतिम. दुकानातले कर्मचारी आणि आमचे नातेवाईक यांना भाग घेता येणार नाही. आलेले फोटो आम्ही नावासह आमच्या पेजवर वापरू. निकाल कोजागिरीला याच पेजवर. बक्षीस १५ दिवसांत दुकानातून न्यावे. या स्पर्धेशी फेसबुक किंवा इन्स्टाग्रामचा संबंध नाही."

"ज्याला जास्त लाईक तो विजेता" असं ठेवू नका. लाईक विकत मिळतात, आणि मग कॉमेंटमध्ये भांडणं लागतात. नातेवाईकांची अट तर सोडूच नका. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात; भाच्याला बक्षीस लागलं तर ते कितीही खरं असो, कोणी मानणार नाही.

तारखाही बघून ठरवा. कोजागिरीला निकाल लागला की वसुबारसेला साधारण १२ दिवस उरतात. सोऱ्या जिंकणारीला चकलीच्या आत सोऱ्या मिळायला हवा ना!

७. फेक अकाउंट: याची तयारी पहिल्या दिवसापासून

या दुसऱ्या स्पर्धेत सगळं छान चाललं होतं. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी आमच्या नेहमीच्या एक काकू दुकानात आल्या. भर गर्दीत म्हणाल्या, "काय रे, माझा सोऱ्या कधी देतोस? कुरिअरचे पैसे पण भरले मी."

मला काही कळेना. त्यांनी मोबाईल दाखवला. आमचाच लोगो, आमचंच नाव, फक्त शेवटी एक जास्तीची खालची रेघ. "अभिनंदन! तुम्ही विजेते आहात. डिलिव्हरी चार्ज १४९ रुपये या क्यूआरवर भरा." त्यांनी भरले होते. पाठोपाठ आणखी पैसे मागणारा मेसेज आला, तेव्हा मुलाने थांबवलं म्हणून तेवढ्यावर निभावलं. निकाल तर अजून लागलाच नव्हता!

मी म्हटलं, "काकू, हा आम्ही पाठवलेला मेसेज नाही." त्या म्हणाल्या, "अरे, पण नाव तुझंच होतं की. म्हणून तर भरले."

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. पैसे १४९ च गेले, पण गेले ते माझ्या नावावरच्या विश्वासामुळे. त्याच दुपारी त्यांना घेऊन बसलो, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनला तक्रार दिली, ते अकाउंट रिपोर्ट केलं आणि सगळ्या भाग घेणाऱ्यांना सावध करणारी पोस्ट टाकली. खरं तर ती पोस्ट पहिल्या दिवशीच टाकायला हवी होती. आता मी दरवेळी हे करतो:

- पोस्टमध्ये सगळ्यात वर लिहितो: "आम्ही बक्षिसासाठी एक रुपयाही मागत नाही. लिंक, क्यूआर, ओटीपी पाठवत नाही."
- हीच ओळ कॉमेंटमध्ये लिहून पिन करतो.
- निकालाची तारीख आणि वेळ आधीच सांगतो, म्हणजे त्याआधी आलेलं "अभिनंदन" खोटं.
- स्पर्धा चालू असताना रोज एकदा आपल्याच दुकानाचं नाव सर्चमध्ये टाकून बघतो.
- लोकांचे फोन नंबर कॉमेंटमध्ये मागत नाही. विजेत्याला दुकानात बोलावतो. ज्याचा नंबर घेतो त्याला कशासाठी घेतोय ते सांगतो आणि विचारूनच ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये टाकतो. लोकांची वैयक्तिक माहिती विचारून घ्यायची आणि सांगितलेल्या कामापुरतीच वापरायची, यासाठी २०२३ चा कायदासुद्धा आहे.

८. निकाल उघड, आणि त्यानंतरचं काम

निकाल लाईव्ह सांगा. परीक्षकांचे गुण दाखवा. चिठ्ठी काढणार असाल तर सगळी नावं कॅमेऱ्यासमोर वाचा आणि मगच काढा. बक्षीस देतानाचा फोटो विजेत्याला विचारून टाका. न जिंकलेल्या प्रत्येकाला नावाने आभाराचा मेसेज आणि कूपन पाठवा. कूपनला एक शब्द ठेवा. आमचा होता "आजी". काऊंटरवर कोणी तो शब्द सांगितला की बिलावर खूण. महिन्याने खुणा मोजल्या की स्पर्धा फायद्यात की तोट्यात ते समोर येतं.

आमचं काय झालं? फॉलोअर्स पहिल्या वेळेपेक्षा कमी वाढले. पण खर्च निघाला. आणि ते परातीवालं विचारणं आठवतंय? तसे इतके मेसेज आले की आम्ही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुकानासमोर कल्हईवाल्याला बसवायला लागलो. परात घेऊन येणारं माणूस एखादी वाटी, तांब्या घेऊन जातंच!

आणि काकू? त्या दिवाळीच्या आधी दुकानात आल्या, तेव्हा मी त्यांना १४९ रुपये पाकिटात घालून देत होतो. त्यांनी घेतले नाहीत. म्हणाल्या, "पुढच्या वेळी मोठ्या अक्षरात लिही, म्हणजे झालं." म्हणून आमच्या प्रत्येक स्पर्धेच्या पोस्टमध्ये ती ओळ सगळ्यात मोठ्या अक्षरात असते.

आजचा गृहपाठ

वहीत चार ओळी लिहा: माझा उद्देश, माझं बक्षीस, एकूण खर्च आणि तो निघायला लागणारी जादा बिलं. चौथा आकडा आला की मगच पोस्ट बनवायला घ्या. अडलं तर खाली कॉमेंटमध्ये हिशेब टाका, मी बघून सांगतो. पुढच्या धड्यात पोस्ट बूस्ट करताना ठिकाण आणि वय कसं निवडायचं ते बघू.

भेटूया! धंदा छोटा असला तरी हिशेब चोख ठेवा.