करकर गिअरची, दुखणं क्लचचं

माझा टेम्पो पेण-रोहा धावतो. गणपतीच्या आधी पेण-हमरापूरच्या मूर्ती, एरवी धाटाव एमआयडीसीचा माल. तीन वर्षांपूर्वी भिसे खिंडीच्या चढावर क्लच प्लेट जळाली. पुढे डंपर रांगत होता आणि मी हाफ क्लचवर गाडी रेटत राहिलो.

मेकॅनिक म्हणाला, "दादा, लोड मारता ना? मग हेवी ड्यूटी प्लेट टाका." टाकली. त्या प्लेटला मधल्या स्प्रिंगाच नव्हत्या. या स्प्रिंगा इंजिनाचे हिसके पोटात घेतात. त्या नसल्या की प्रत्येक हिसका थेट गिअरच्या दातांवर बसतो. न्यूट्रलला खडखड येऊ लागली. मला वाटलं, गाडी जुनी झाली.

त्यात प्लेट पुन्हा घसरू नये म्हणून त्याने केबल ढिली ठेवली होती. पेडल तळाला टेकलं तरी क्लच पुरता सुटत नव्हता. प्लेट फिरत राहिली की गिअरबॉक्सचा शाफ्टही फिरतो, आणि त्याला आवरता आवरता पितळेच्या सिंक्रो रिंगा झिजतात. दुसरा गिअर करकरू लागला, तसा मी तो जोर लावून टाकू लागलो. तिथेच उरलंसुरलं गेलं.

रोह्यात गिअरबॉक्स उतरवला. ट्रेमधलं ऑइल उन्हात सोनेरी चमकत होतं. बोटांत चोळलं, तर कचकच. रिंगेचे टोकदार दात बोथट झालेले. खर्च क्लचच्या कितीतरी पट, आणि ऐन मूर्तींच्या दिवसांत गाडी उभी.

म्हणून कळकळीने सांगतो, प्लेट गाडीला नेमून दिलेलीच घ्या. प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही सोबतच बदला. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोनदा कशाला? फ्लायव्हीलवर चरे किंवा निळे डाग असतील तर आधी ते लेथवर दाखवा. शाफ्टच्या खाचांना ग्रीस अगदी पुसटसं लावायला सांगा, जास्त झालं तर ते उडून प्लेटवर बसतं. पेडलचा प्ले अंदाजाने ठेवू देऊ नका. गाडीच्या पुस्तकातला आकडा बघून पट्टीने मोजून घ्या. प्ले उरलाच नाही तर प्लेट घसरते, बेअरिंग घासतं. जास्त झाला तर माझं झालं तेच होतं.

रिव्हर्सला बऱ्याच गाड्यांत सिंक्रो नसतो, तिथे दुखणं लवकर कळतं. गाडी उभी, इंजिन आयडलला, पेडल पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. करकर आली तर गिअरबॉक्स खोलायला देऊ नका, आधी केबल बघा.