मोटारीच्या इंजिनाचे हेड उतरविताना : विद्यार्थ्यांसाठी काही धडे



आपल्या सभासदांपैकी अनेकांची मुले आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकत आहेत. काही मुले दहावीनंतर सरळ गॅरेजमध्ये हाताखाली लागली आहेत. या मुलांशी बोलताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. इंजिनाचे हेड कसे उतरवावे असे विचारले, तर बहुतेकजण "बोल्ट खोलायचे आणि उचलायचे" असे उत्तर देतात. उत्तर चुकीचे नाही. परंतु तेवढेच माहीत असलेला मुलगा आणि चांगला कारागीर यांच्यात जे अंतर आहे, ते याच कामात उघडे पडते. म्हणून या स्मरणिकेत आम्ही हा विषय घेतला आहे.

उदाहरणासाठी मारुती ८०० चे इंजिन घेऊ. ही गाडी १९८३ साली रस्त्यावर आली आणि २०१४ च्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. तिचेच ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरी इंजिन ओम्नी गाडीतही वर्षानुवर्षे बसविले गेले. जुन्या गाड्या अजून गॅरेजमध्ये येतात आणि शिकाऊ मुलाच्या हाती पहिले हेड बहुधा याच इंजिनाचे पडते. इंजिन लहान, सुटसुटीत आणि समजण्यास सोपे आहे. ते नीट समजले की मोठ्या इंजिनाचे भय राहत नाही.

हेड म्हणजे काय व ते का उतरवावे लागते

सिलिंडरच्या तोंडावर बसणारे झाकण म्हणजे हेड. परंतु हे साधे झाकण नव्हे. पेट्रोल-हवेचे मिश्रण आत घेणारे व जळका धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह त्यात असतात. मारुतीच्या इंजिनात कॅमशाफ्टही हेडमध्येच आहे. स्पार्क प्लग त्यातच बसतात आणि थंड ठेवणारे पाणी त्याच्या पोटातून फिरते. खालचा ब्लॉक बिडाचा, तर हेड ॲल्युमिनियमचे. या दोहोंच्या मध्ये पातळ गॅस्केट असते. एका बाजूला स्फोटाचा दाब, दुसऱ्या बाजूला पाणी, तिसरीकडे ऑइल, या तिघांना एकमेकांत मिसळू न देण्याचे काम ते करते. गॅरेजमध्ये त्याला कोणी "पॅकिंग" म्हणतात. नाव कोणतेही घ्या, इंजिनाचे आरोग्य त्या पातळ पत्र्यावर अवलंबून असते.

हे गॅस्केट जळाले, हेड वाकले किंवा व्हॉल्व्ह जळाला, तरच हेड उतरविण्याची वेळ येते. येथेच आम्हाला पहिला इशारा द्यावयाचा आहे. गाडी गरम होते एवढ्या कारणावरून हेड खोलू नये. थर्मोस्टॅट अडकला असेल, रेडिएटर चोंदला असेल, पंखा चालत नसेल किंवा होज पाइप गळत असेल. ओम्नीचा मालक शाळेची मुले पोचवून पोट भरीत असेल, तर हेड खोलल्यावर त्याची गाडी निदान दोन-तीन दिवस उभी राहते. त्याची कमाई बुडते आणि गॅस्केट, फेसिंग, ऑइल यांचा खर्च वेगळाच. दोष होता साध्या होज पाइपात, हे त्याला नंतर कळले तर तो पुन्हा तुमच्या दाराशी येणार नाही. आणि त्याने येऊही नये.

म्हणून आधी तपासणी. रेडिएटरचे झाकण इंजिन थंड असतानाच उघडावे. मग इंजिन चालू करून पाण्यात सारखे बुडबुडे येतात का, ते पाहावे. सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही पांढरी वाफ येत राहते का? डिपस्टिकवरील ऑइल दूध घातल्यासारखे दिसते का? (फक्त ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरट थर दिसला, तर घाबरून जाऊ नये. गाडी रोज थोडेच अंतर चालत असेल तर दमटपणामुळेही तो जमतो.) त्यानंतर कॉम्प्रेशन गेज लावावा. सर्व प्लग काढून, इग्निशन तोडून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवावा व तिन्ही सिलिंडरचे आकडे लिहून घ्यावेत. एखाद्यात दाब कमी आला, तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा पाहावे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा संशय घ्यावा. शेजारच्या दोन सिलिंडरांत एकदमच दाब कमी असेल, तर त्या दोघांमधले गॅस्केट जळाले असण्याचा संभव फार मोठा. हे सर्व अर्ध्या तासाचे काम आहे. अर्धा तास वाचवून दोन दिवस घालविणारे मेकॅनिक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

गरम हेड का खोलू नये

हा नियम सर्वांना पाठ असतो, कारण मात्र थोड्यांनाच सांगता येते. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते. ३०० मिलिमीटर लांबीचे ॲल्युमिनियम ८० अंशांनी तापले, तर ते सुमारे ०.५५ मिलिमीटर वाढते; तेवढेच बीड ०.२६ मिलिमीटर. म्हणजे गरम इंजिनावर हेड ताणलेल्या अवस्थेत, बोल्टांनी घट्ट आवळलेले बसलेले असते. अशा वेळी एका बाजूचे बोल्ट सोडले, की सुटलेली बाजू एकीकडे ओढते, आवळलेली दुसरीकडे धरून ठेवते आणि हेड वाकते. आता हेड किती सरळ असावे लागते ते पाहा. या प्रकारच्या इंजिनाला साधारण ०.०५ मिलिमीटरपेक्षा अधिक वाक चालत नाही. वहीच्या कागदाची जाडीही याहून जास्त असते.

आमच्या माहितीतल्या एका गॅरेजात गिऱ्हाईक घाईत होते. मालकाने शिकाऊ मुलाला गरम इंजिनच खोलावयास लावले. हेड निघेना म्हणून त्याने सांध्यात मोठा स्क्रू ड्रायव्हर घालून ठोकला. हेडच्या घासलेल्या पृष्ठभागावर खोल खाच पडली आणि ते फेसिंगच्याही पलीकडे गेले. नव्या हेडचे पैसे मालकाने मुलाच्या पगारातून महिन्या-महिन्याला कापून घेतले. हुकूम मालकाचा, हात मुलाचा, आणि भरपाई कोणाची? म्हणून आम्ही म्हणतो, कारण माहीत असावे. "साहेब, उद्या सकाळी खोलू या, आता खोलले तर हेड वाकेल" असे कारणासह सांगणाऱ्या मुलाला मालक सहसा रागावत नाही. रागावलाच तर निदान नुकसान कोणामुळे झाले हे चारचौघांना ठाऊक असते.

इंजिन रात्रभर थंड होऊ द्यावे, हे उत्तम.

प्रत्यक्ष काम

सुरुवात बॅटरीपासून. ऋण टोकाची वायर आधी काढावी. पेट्रोलचे पाइप सुटणार आहेत, तेव्हा जवळपास विडी-सिगारेट नको. नंतरच्या एम.पी.एफ.आय. मॉडेलमध्ये पेट्रोल दाबाखाली असते. तेथे पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे पाइपातला दाब उतरतो. हे अर्थात बॅटरीची वायर काढण्यापूर्वी करावयाचे.

मग कूलंट काढावे. ते मातीत सोडू नये व उघड्या भांड्यात ठेवू नये. त्यात विषारी ग्लायकॉल असते आणि ते चवीला गोड असल्याने कुत्री-मांजरे पितात. गॅरेजच्या आवारात लहान मुले खेळतात, हेही लक्षात असू द्यावे. झाकणाच्या डब्यात भरून बाजूला ठेवावे.

एअर क्लीनर, ॲक्सिलरेटर व चोकच्या केबल, पेट्रोलचे पाइप, व्हॅक्यूमच्या नळ्या, होज पाइप हे क्रमाने सोडवावेत. प्रत्येक नळीला आणि ती जेथून निघाली त्या जागेला कागदी टेप लावून एकच आकडा लिहावा. "माझ्या लक्षात राहील" हे वाक्य तोंडातून काढू नये. दुसरे काम आले, मालक परगावी गेला, तर तीच गाडी चार दिवसांनी दुसऱ्याच्या हाती जाते. सायलेन्सरकडचे मॅनिफोल्डचे नट गंजलेले असतात. त्यांच्यावर आदल्या दिवशीच गंज सोडविणारे तेल टाकून ठेवावे. जोर लावून स्टड तोडला, तर तो काढण्यात दिवस जातो.

आता टायमिंग. हा भाग सावकाश वाचावा. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी अगदी वर येईल असे क्रँकशाफ्ट फिरवावे आणि कॅमच्या व क्रँकच्या पुलीवरील खुणा कंपनीने दिलेल्या खुणांशी जुळवाव्यात. कार्ब्युरेटरच्या मॉडेलमध्ये डिस्ट्रिब्युटरच्या रोटरचे तोंड कोणीकडे आहे तेही खूण करून ठेवावे. या इंजिनाचा फायरिंगचा क्रम १-३-२ आहे. नंतर टेन्शनर ढिला करून टायमिंग बेल्ट उतरवावा. बेल्ट निघाल्यावर क्रँक किंवा कॅम उगाच फिरवू नये. पिस्टन वर असताना उघडा व्हॉल्व्ह त्याला भिडू शकतो.

टॅपेट कव्हर काढले की हेडच्या बोल्टांचे काम येते. बोल्ट आठ आहेत, दोन ओळींत चार-चार. सोडविताना बाहेरच्या टोकाकडून मध्याकडे यावयाचे, आणि एकेक बोल्ट एकदम पूर्ण न सोडता प्रत्येकाला पाव-अर्धा फेरा देत दोन-तीन वेळा फिरून यावयाचे. (बसविताना क्रम उलट, मध्याकडून बाहेर.) गोटी पाना पूर्ण बसलेला असावा. घासलेली गोटी बोल्टाचे डोके गोल करते. एका पुठ्ठ्यावर हेडचा आराखडा काढून त्याला आठ भोके पाडावीत आणि प्रत्येक बोल्ट ज्याच्या त्याच्या भोकात खोचावा. पुठ्ठ्याला खर्च काही नाही, पण चांगल्या वर्कशॉपमधील जुने कारागीर आजही हेच करतात.

बोल्ट निघाले तरी हेड चिकटलेले असते. तेव्हा लाकडी किंवा रबरी हातोडीने बाजूच्या जाड भागावर हलके ठोके द्यावेत. सांध्यात छिन्नी, स्क्रू ड्रायव्हर, पाते, काहीही घालू नये. तरीही हलत नसेल, तर एखादा बोल्ट, नळी किंवा ब्रॅकेट राहिले आहे असे समजून पुन्हा शोधावे. दहापैकी नऊ वेळा ते सापडते. हेड दोघांनी मिळून सरळ वर उचलावे व लाकडाच्या दोन ठोकळ्यांवर ठेवावे. फरशीवर पालथे ठेवले तर उघडे व्हॉल्व्ह वाकतात.

उतरल्यावर काय वाचावे

खरे शिक्षण येथे सुरू होते. जुने गॅस्केट फेकण्याआधी उजेडात धरून पाहावे. दोन सिलिंडरांमधील पट्टीवर काळा जळका डाग दिसला, तर दाब तेथून सुटत होता. तीन पिस्टनांपैकी दोन काजळीने काळे आणि एकच धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर त्या सिलिंडरात पाणी जात होते. वाफेने काजळी धुतली. हे जुने गॅस्केट गाडीमालकाला दाखविण्यासाठी जपून ठेवावे. दोष डोळ्यांनी दिसला की बिलावरून वाद होत नाही.

हेड साफ करताना ॲल्युमिनियमवर लोखंडी पाते वा ग्राइंडर चालवू नये. मग स्टीलची सरळ पट्टी लांबीला, रुंदीला आणि दोन्ही तिरप्या रेषांवर ठेवून खालून फीलर गेज घालून पाहावा. मर्यादेपेक्षा जास्त वाक निघाला तर फेसिंगला द्यावे. मात्र जितके घासावे तितकी आतली जागा कमी होऊन कॉम्प्रेशन वाढते. एकच हेड पुन:पुन्हा घासता येत नाही. ब्लॉकचा पृष्ठभागही त्याच पट्टीने पाहावा. हे बहुतेकजण विसरतात.

ब्लॉकमधील बोल्टांची भोके हमखास राहून जातात. त्यांत पाणी किंवा ऑइल साचलेले असते. तसाच बोल्ट आवळला तर द्रवाला जाण्यास वाट नसते, टॉर्क रेंच खोटा आकडा दाखवितो आणि कधी ब्लॉकच तडकतो. कापडाने व हवेने भोके कोरडी करावीत. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा हवा.

दुसऱ्या इंजिनांबाबत थोडे

अम्बॅसिडरच्या जुन्या १४८९ घनसेंटिमीटर इंजिनाचे हेड बिडाचे, जड आणि कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये. तेथे टायमिंगला हात लावावा लागत नाही, पण पुशरॉड काढताना ते ओळीने ठेवावे लागतात आणि किंचित फिरवून काढावे लागतात. नाहीतर खालचा टॅपेट ऑइलने चिकटून वर येतो. हेड स्टडवर बसलेले असल्याने तिरपे ओढून चालत नाही. मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत टॅक्सी म्हणून धावलेल्या प्रीमिअर पद्मिनीतही पुशरॉडच होते. व्ही आकाराच्या इंजिनाला दोन हेड असतात. त्यांची गॅस्केटे व बोल्ट एकमेकांत मिसळू देऊ नयेत. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत हेडचे बोल्ट ताणले जाणारे असतात. ते एकदा काढले की नवेच घालावयाचे आणि टॉर्क दिल्यावर ठरावीक अंशांनी फिरवावयाचे. म्हणून हात लावण्यापूर्वी त्या गाडीचे सर्व्हिस मॅन्युअल पाहावे. त्यातील इंग्रजी अवघड वाटले, तरी आकृत्या व आकडे सर्वांना कळतात. टॉर्कचा आकडा अंदाजाने किंवा दुसऱ्या गाडीवरून घेऊ नये.

हेड बसवून झाले, तरी इंजिन सुरू करण्यापूर्वी ऑइल आणि फिल्टर बदलावा. हेड उचलताना थोडे तरी पाणी खाली ऑइलमध्ये उतरतेच आणि पाणी मिसळलेले ऑइल क्रँकची बेअरिंगे खाते. मग कूलंट भरावे, इंजिन तापवून आतली हवा निघू द्यावी, पंखा आपोआप सुरू होतो का हे पाहावे, आणि दुसऱ्या दिवशी इंजिन थंड असताना पाण्याची पातळी पुन्हा तपासूनच गाडी मालकाच्या हवाली करावी.