भाड्याची वही आधी उघडा

कोथरूडला आमची दोन घरं भाड्याने दिलेली आहेत. खालच्या वन रूम किचनमधला भाडेकरू सालस, पण भाडं वेळेवर येत नसे. वरचं टू बीएचके रिकामं झालं तेव्हा तो म्हणाला, "काकू, आईला उपचारासाठी गावाहून आणायचंय. वरचं घर मला द्याल का?" १३,००० चं भाडं २१,००० होणार होतं. पगार ४८,०००, म्हटलं जमेल. जुनंच ४०,००० डिपॉझिट पुढे ओढलं, नवा करारही केला नाही.

माझी भाड्याची वही तेव्हा उघडली असती तर! पहिल्या वर्षी दर महिन्याला सात तारीख. दुसऱ्या वर्षी ११, १५, १९, २४. शेवटी तर दोन तुकड्यांत, आधी आठ हजार, मग पाच. दरमहा सातलाच पूर्ण भाडं देणाऱ्याचा बहुतेक पगारच उशिरा होतो. करारात तारीख बदलली की भागतं. तारीख पुढे सरकू लागली आणि रक्कम तुटून येऊ लागली, तर त्या घरात पैसा पुरत नाहीये.

दोन महिन्यांचं भाडं थकलं आणि डिपॉझिट तिथेच संपलं. मग आम्ही कागद घेऊन बसलो. कर्जाचे हप्ते १५,५००, आईचा खर्च ६,०००. उरले २६,५००. त्यातून २१,००० भाडं गेलं की महिन्याला ५,५००. मेंटेनन्स, लाइट बिल, किराणा सगळं त्यातच. हा दहा मिनिटांचा हिशेब मी घर देण्याआधी करायला हवा होता.

शेवटी त्यांनी घर सोडलं. त्याची आई वॉकर टेकत जिना उतरली आणि जाताना तिने मला नमस्कार केला. माझी मान वर झाली नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली तर सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागा, त्यात संकोच नको. आधीची थकबाकी आणि पूर्ण डिपॉझिट हातात आल्याशिवाय किल्ली देऊ नका. घर बदललं की करार नवा, आणि तो नोंदवलेलाच हवा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदलेला करार नसेल तर, उलट सिद्ध होत नाही तोवर, अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. आमचा भला होता म्हणून वाद झाला नाही. आणि नाही म्हणायचं असेल, तर त्याचं सामान वर चढण्याआधी म्हणा.