अपत्याची प्रतीक्षा : शरीरबाह्य फलनाची कथा

विवाहानंतर यथाकाल घरात पाळणा हलावा अशी बहुतेक दांपत्यांची इच्छा असते. ती फलद्रूप होण्यास विलंब लागला म्हणजे नवससायास सुरू होतात, आणि वर्षे लोटली की एक कठोर शब्द स्त्रीच्या वाट्यास येतो. मराठीत वांझ, हिंदीत बांझ, गुजरातीत वांझणी, असे या शब्दाचे निरनिराळे अवतार आहेत. परंतु त्याच तिखट अर्थाने तो पुरुषास कोणी लावीत नाही. वस्तुतः अपत्य न होणे हा दैवाचा कोप नव्हे आणि स्त्रीचा अपराध तर नव्हेच. शरीरातील एका दीर्घ व नाजूक क्रियेत कोठे तरी अडथळा आला, एवढाच त्याचा अर्थ होय. तो अडथळा कोठे येतो, आणि एका दांपत्याच्या बाबतीत तो प्रथम कसा ओलांडला गेला, याची माहिती या पाठात दिली आहे.

१. गर्भधारणेची क्रिया

स्त्रीच्या उदरात गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस एकेक बीजकोश असतो. साधारणपणे दर महिन्यास त्यांपैकी एकातून एक पक्व स्त्रीबीज बाहेर पडते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी रक्तात जी संप्रेरके सोडते, त्यांच्या आज्ञेने हे घडते. बाहेर पडलेले स्त्रीबीज बीजवाहिनी या अरुंद नळीत शिरते. तेथे एका दिवसाच्या आत त्याची पुरुषबीजाशी गाठ पडली तरच फलन होते, अन्यथा ते नष्ट होते. फलित बीज दोनांत, चारांत, आठांत याप्रमाणे विभागत जाऊन, चारपाच दिवसांनी गर्भाशयात उतरते व तेथील अस्तरात रुजते.

या वाटेवर एकही टप्पा चुकून चालत नाही. स्त्रीबीज पक्व न होणे, पुरुषबीजांची संख्या वा गती अपुरी असणे, बीजवाहिनी बंद असणे, गर्भाशयाचे अस्तर अनुकूल नसणे, ही प्रमुख कारणे होत. भारतात क्षयरोगाच्या जंतूंनी बीजवाहिन्या निकामी होणे हेही एक महत्त्वाचे कारण आहे. तपासणीस येणाऱ्या दांपत्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील दोषाचा कमीअधिक वाटा आढळतो. म्हणून बारा महिने प्रयत्न करूनही गर्भधारणा न झाल्यास पतिपत्नी दोघांचीही तपासणी व्हावी, असा वैद्यकाचा नियम आहे. एकट्या स्त्रीस तपासून निर्णय देणे हे अर्धेच पुस्तक वाचून परीक्षण लिहिण्यासारखे आहे.

२. ब्राउन दांपत्याची नऊ वर्षे

इंग्लंडमधील ब्रिस्टल या गावी जॉन व लेस्ली ब्राउन हे दांपत्य राहत असे. जॉन रेल्वेत नोकरीस होते. नऊ वर्षे प्रतीक्षा करूनही त्यांना अपत्य झाले नाही. लेस्ली यांच्या दोन्ही बीजवाहिन्या बंद होत्या. शस्त्रक्रियेने त्या मोकळ्या करण्याचा यत्नही व्यर्थ गेला. त्यांच्या बीजकोशांत स्त्रीबीजे तयार होत होती आणि गर्भाशयही निरोगी होते. मात्र या दोहोंमधील रस्ता तुटलेला होता. त्या काळच्या वैद्यकापाशी याहून पुढे उपाय नव्हता. या वर्षांत लेस्ली यांस तीव्र खिन्नतेने ग्रासले. १९७६ मध्ये त्यांना ओल्डहॅम येथील शल्यवैद्य पॅट्रिक स्टेप्टो यांच्याकडे पाठविण्यात आले.

३. प्रयोगशाळेतील वाटचाल

तुटलेल्या रस्त्यावरील भेट शरीराबाहेर घडवून आणता येईल काय, हा प्रश्न केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स यांनी अनेक वर्षे हाती धरला होता. १९५९ मध्ये एम. सी. चँग यांनी सशाच्या बाबतीत ही गोष्ट सिद्ध केली होती. मानवी स्त्रीबीज मात्र सहजी वश होईना. ते पक्व होण्यास किती तास लागतात, कोणत्या द्रवात ते जगते, पुरुषबीज फलनास समर्थ कसे होते, हे सारे पायरीपायरीने शोधावे लागले. १९६९ मध्ये एडवर्ड्स, बॅरी बॅव्हिस्टर व स्टेप्टो यांनी मानवी बीजाचे फलन काचपात्रात झाल्याचे प्रसिद्ध केले.

स्टेप्टो यांचे साहाय्य येथे मोलाचे ठरले. पोटावर लहानसा छेद घेऊन आत बारीक दुर्बीण घालावयाची आणि बीजकोश प्रत्यक्ष पाहून त्यातील स्त्रीबीज शोषून घ्यावयाचे, या उदरदर्शन पद्धतीत ते निष्णात होते. तिसऱ्या सहकारी जीन पर्डी या परिचारिका होत्या. प्रयोगशाळेची सर्व व्यवस्था व नोंदी त्या पाहत. एडवर्ड्स व पर्डी हे केंब्रिजहून ओल्डहॅमला वारंवार मोटारीने येत असत.

या कार्यास टीका पुष्कळ झाली. १९७१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने अर्थसाहाय्य नाकारले. अपयशही उदंड आले. एका स्त्रीस गर्भ राहिला, पण तो गर्भाशयात न रुजता बीजवाहिनीत रुजल्याने काढून टाकावा लागला. १९६९ ते १९७८ या काळात २८२ स्त्रियांनी या उपचारास संमती दिली. त्यांपैकी केवळ दोघींच्या पदरी जिवंत बालक आले. उरलेल्या २८० जणी रित्या हातांनी परतल्या, परंतु काय करावयाचे व काय टाळावयाचे हे त्यांच्यापासूनच कळले. या शोधाच्या इतिहासात त्यांची नावे नसली, तरी त्यांचा वाटा शास्त्रज्ञांइतकाच मोठा आहे.

४. एक स्त्रीबीज

एकाच वेळी अनेक स्त्रीबीजे मिळावीत म्हणून आरंभी स्त्रियांस संप्रेरके दिली जात. तथापि त्यामुळे गर्भाशयाच्या अस्तराचा नैसर्गिक क्रम बिघडतो असा संशय आल्यावर, औषध न देता निसर्गतः पक्व होणारे एकच बीज मिळवावयाचे ठरले. ते केव्हा सुटणार हे कळण्यासाठी लेस्ली यांच्या मूत्राची तपासणी दिवसरात्र ठराविक अंतराने करण्यात आली. बीजकोशास बीज सोडण्याची आज्ञा देणारे संप्रेरक मूत्रात एकाएकी वाढले म्हणजे वेळ जवळ आली असे समजावयाचे. १० नोव्हेंबर १९७७ रोजी स्टेप्टो यांनी ते बीज काढून घेतले. काचेच्या उथळ बशीत, पोषक द्रवात, जॉन यांच्या पुरुषबीजांशी त्याचा संयोग घडविण्यात आला. सुमारे अडीच दिवसांत त्याच्या आठ पेशी झाल्या, आणि तो सूक्ष्म गर्भ बारीक नळीने लेस्ली यांच्या गर्भाशयात ठेवण्यात आला.

वृत्तपत्रांनी अशा बालकास ‘टेस्टट्यूब बेबी’ हे नाव दिले. ते दिशाभूल करणारे आहे. गर्भ बशीत काही दिवसच असतो. उरलेले नऊ महिने तो मातेच्या उदरातच वाढतो. २५ जुलै १९७८ च्या रात्री ओल्डहॅम येथील रुग्णालयात शस्त्रक्रियेद्वारा लुईस जॉय ब्राउन हिचा जन्म झाला. वजन सुमारे २.६ किलोग्रॅम होते, व बालिका सर्वतोपरी निरोगी होती.

आपल्याआधी या पद्धतीने एकही बालक जन्मलेले नाही, याची उपचाराच्या वेळी आपणांस कल्पना नव्हती, असे लेस्ली यांनी पुढे सांगितले. आज रुग्णास यशापयशाची पूर्ण माहिती देऊन लेखी संमती घेणे आवश्यक मानले जाते. ब्राउन दांपत्यास १९८२ मध्ये याच मार्गाने दुसरी कन्या झाली. दोन्ही कन्या पुढे कोणत्याही उपचाराविना माता झाल्या. पर्डी १९८५ मध्ये व स्टेप्टो १९८८ मध्ये निवर्तले. एडवर्ड्स यांस २०१० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

५. कलकत्ता व मुंबई

लुईसच्या जन्मानंतर अवघ्या ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्यास एका कन्येचा जन्म झाला. तिला ‘दुर्गा’ या नावाने संबोधण्यात आले. तिच्या मातेच्याही बीजवाहिन्या निकामी होत्या. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी सुनीत मुखर्जी व डॉ. सरोजकांती भट्टाचार्य यांच्या साहाय्याने हा उपचार केला. त्यांची रीत इंग्लंडमधील रीतीहून वेगळी होती. संप्रेरके देऊन अनेक स्त्रीबीजे मिळवावयाची, गर्भ गोठवून ठेवावयाचा, आणि शरीर पूर्ववत झाल्यावर पुढील एखाद्या ऋतुचक्रात तो गर्भाशयात सोडावयाचा, असा तिचा क्रम होता. हे दोन्ही उपाय आज जगभर नित्याचे झाले आहेत.

परंतु राज्य शासनाने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा अमान्य केला. समाजाच्या भीतीने बालिकेच्या मातापित्यांनीही आपली ओळख गुप्त राखली होती. पुढे डॉ. मुखोपाध्याय यांची बदली झाली व संशोधन थांबले. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आपले जीवन संपविले.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईतील परळच्या के. ई. एम. रुग्णालयात हर्षा या कन्येचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या संस्थेतील डॉ. टी. सी. आनंद कुमार व त्यांचे सहकारी यांच्या प्रयत्नांचे हे फळ होते. या बालिकेची सर्व नोंद शास्त्रीय रीतीने प्रसिद्ध झाल्याने भारतातील पहिल्या अशा बालकाचा मान तिला मिळाला. पुढे डॉ. आनंद कुमार यांच्या हाती डॉ. मुखोपाध्याय यांची हस्तलिखित टिपणे आली. ती अभ्यासून त्यांनी १९९७ मध्ये जाहीर केले की, प्रथम यशाचे श्रेय कलकत्त्याच्या त्या संशोधकासच दिले पाहिजे. आपल्याच कार्यास लाभलेला मान त्यांनी अशा रीतीने स्वहस्ते दुसऱ्यास दिला.

६. आजची स्थिती

या उपचाराने जन्मलेल्या बालकांची संख्या जगात आता एक कोटीच्या वर गेली आहे. १९९२ मध्ये एकच पुरुषबीज सूक्ष्म सुईने स्त्रीबीजात सोडण्याची रीत ब्रुसेल्स येथे यशस्वी झाली, आणि पुरुषाकडील दोषावरही उपाय सापडला. तथापि यशाची हमी कोणत्याही वयात देता येत नाही. स्त्रीचे वय वाढत जाते तसतशी यशाची शक्यता घटते, आणि चाळिशीनंतर ती फारच थोडी उरते. कित्येकांस अनेकदा प्रयत्न करावे लागतात. त्यात पैसा खर्च होतो, सुयांच्या वेदना सोसाव्या लागतात, आणि दर वेळी आशानिराशेचा फेरा भोगावा लागतो. भारतात २०२१ च्या कायद्याने अशा उपचारकेंद्रांची नोंदणी व रुग्णांची लेखी संमती बंधनकारक केली असून, गर्भाची लिंगनिवड निषिद्ध ठरविली आहे.

काही दांपत्ये दत्तक घेण्याचा मार्ग स्वीकारतात, काही अपत्याविना समाधानाने राहतात. हे निर्णयही तितकेच आदरणीय होत. ज्या घरी ही प्रतीक्षा चालू असेल, तेथे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी व आप्तांनी प्रश्न न विचारणे, आणि दोष कोणा एकाच्या माथी न मारणे, एवढे साहाय्य प्रत्येकास करता येण्यासारखे आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. फलन शरीरात कोठे होते? बीजवाहिनी बंद असल्यास कोणता टप्पा अडतो?
२. पतिपत्नी दोघांचीही तपासणी का आवश्यक आहे?
३. ‘टेस्टट्यूब बेबी’ हे नाव दिशाभूल करणारे का म्हटले आहे?
४. ओल्डहॅम व कलकत्ता येथील पद्धतींत कोणते फरक होते?
५. शास्त्रीय कार्याची नोंद जपून ठेवण्याचे महत्त्व डॉ. मुखोपाध्याय यांच्या उदाहरणावरून स्पष्ट करा.