जमिनीचा पैसा कोठे पेरावा?

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील पहिले स्टेशन विठ्ठलवाडी होय. कल्याण-डोंबिवली व उल्हासनगर या दोन महापालिकांच्या सीमेवरील हा भाग पूर्वी भाताच्या खाचरांचा होता. आज तेथे खाचर शोधूनही सापडत नाही. 1854 साली रेल्वे कल्याणास पोहोचली. दुसऱ्या महायुद्धात या परिसरात लष्कराची मोठी छावणी बसली. फाळणीनंतर त्याच छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती झाली व 1949 साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथून पुढे कारखाने, चाळी व इमारती वाढत गेल्या. जवळच नेवाळी येथे युद्धकाळात धावपट्टीसाठी घेतलेल्या जमिनीचा वाद तर इतका लांबला की, 2017 च्या जून महिन्यात त्यावरून मोठे आंदोलन पेटले.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की, शहर जवळ आले म्हणजे जमीन हातची जाणे पुष्कळदा मालकाच्या इच्छेवर राहत नाही. परंतु जमिनीचे जे द्रव्य होते ते कोठे ठेवावे हे मात्र बहुतांशी त्याच्याच हाती असते. भाताचे बी कोणत्या वाफ्यात टाकावयाचे याचा चार दिवस विचार करणारा शेतकरी कोट्यवधी रुपयांचा विचार मात्र विसार घेतल्यानंतर करू लागतो, हे आश्चर्य नव्हे काय? आमचे म्हणणे असे की, पैसा कोठे जाणार हे ठरल्यावाचून खरेदीखतावर सही करू नये. आणि शक्य तेथे मालकीचा काही अंश जमिनीच्याच रूपाने राखावा.

जमीन मालकास दोन प्रकारे फळ देते. एक दरसालचे पीक व दुसरे वाढत जाणारे मोल. तिच्या बदल्यात जे घ्यावयाचे त्यासही हेच दोन प्रश्न विचारावे, आणि अडीअडचणीस त्याचा थोडा भाग विकता येतो की नाही हा तिसरा. पैसा नुसता बँकेत ठेवला तर व्याजरूपी पीक मिळते, पण मोल वाढत नाही. महागाई दरसाल शेकडा 6 धरली, तर 12 वर्षांत रुपयाची खरेदी करण्याची शक्ती निम्मी होते. व्याज सगळे खर्चून टाकणाऱ्याचे मुद्दल अशा रीतीने न दिसता झिजते.

बहुतेकांचा ओढा सदनिकेकडे असतो. भिंतीला हात लावून पाहता येतो, म्हणून ती जमिनीसारखीच वाटते. हिशेब मात्र मांडून पाहावा. समजा, 50 लाख रुपयांस सदनिका घेतली व ती दरमहा 12,000 रुपये भाड्याने दिली. वर्षाचे 1,44,000 झाले. भाडेकरू बदलताना एक महिना रिकामा गेला की 1,32,000 उरले. गृहसंस्थेची वर्गणी महिना 2,500 प्रमाणे 30,000, आणि घरपट्टी व डागडुजी मिळून 14,000 वजा केले असता हाती 88,000 राहतात, म्हणजे शेकडा पावणेदोन रुपये. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत; प्रत्येकाने आपल्या गावचे घालून पाहावे. शिवाय इमारत म्हातारी होते. तिच्या मोलात जी वाढ होते ती मुख्यतः खालच्या जमिनीची असते, आणि सदनिकेच्या वाट्यास त्या जमिनीचा अल्प भाग येतो. दुकानाच्या गाळ्यास भाडे बरे मिळते, पण गाळा रिकामा पडला तर कित्येक महिने पडून राहतो. एकाच इमारतीत चार सदनिका घेऊन बसणे आम्हांस मुळीच पसंत नाही.

याहून निराळी वाट पुण्याजवळ हडपसर येथील मगर मंडळींनी दाखविली. त्यांच्या ऊसमळ्यांवर शहराच्या वाढीची छाया पडली, तेव्हा तुकड्यातुकड्यांनी जमीन विकण्याऐवजी सुमारे 120 कुटुंबांनी आपली सुमारे 400 एकर जमीन एकत्र केली. नव्वदीच्या दशकात सतीश मगर यांच्या पुढाकाराने कंपनी स्थापन झाली व ज्याची जितकी जमीन तितके त्याचे भाग असा नियम ठेवला. मगरपट्टा सिटी उभी राहिली ती अशी. घरे विकून पैसा आला तो भागधारकांत वाटला गेला. कचेऱ्यांच्या इमारती मात्र भाड्याने देण्याकडे कल ठेवला, त्यामुळे दरसालचे पीकही चालू राहिले. घरची तरुण मुले बांधकामास लागणारा माल पुरविण्याच्या व ठेकेदारीच्या धंद्यात शिरली. अर्थात हे सर्वत्र साधेल असे नाही. एका आडनावाची, एकमेकांच्या विश्वासातील कुटुंबे व सलग जमीन हा त्यांचा मोठा आधार होता. ज्या गावी बांधाच्या वीतभर जागेवरून दावे चालतात, तेथे चारशे एकर कोठून एक होणार? तरी चार भावांची चार एकर जमीन एकत्र ठेवून बोलणी करणे तर कोणासही शक्य आहे.

मालकीचा अंश राखण्याची मागणी नवी मुंबईच्या शेतकऱ्यांनीही केली होती. सिडकोची स्थापना 1970 साली झाली व जमिनी संपादन झाल्या. 1984 च्या जानेवारीत उरण भागात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. त्यानंतर संपादित जमिनीच्या प्रमाणात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. एवढ्या मोलाने मिळालेला हक्क भूखंड हाती येण्यापूर्वीच दलालास विकून मोकळे झालेले लोकही पुष्कळ निघाले.

विकासकाशी भागीदारीचा करार करावयाचा तर परवानग्यांची खात्री स्वतः महापालिकेत जाऊन करावी. कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींनी बनावट कागदपत्रांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळविल्याचे उघडकीस आले आणि 2024 च्या नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. नोंदणीचा क्रमांक फलकावर झळकतो म्हणून इमारत अधिकृत, असे समजण्यात किती धोका आहे हे यावरून दिसते. 2016 च्या स्थावर संपदा कायद्याखाली विक्रीच्या उत्पन्नात अथवा बांधकामात वाटा घेणारा जमीनमालकही प्रवर्तकांत गणला जातो. तेव्हा घरे घेणारांपुढे उत्तर देण्याची पाळी त्याच्यावरही येऊ शकते. आणि कुलमुखत्यारपत्र? ते सर्वाधिकाराचे कधीही देऊ नये. ज्या कामापुरते आवश्यक तेवढेच द्यावे.

आता कराविषयी. शेतजमीन विकली म्हणजे कर नाही, ही समजूत शहराजवळ खोटी ठरते. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या नगराच्या हद्दीपासून 8 किलोमीटरपर्यंत, व एक ते दहा लाखांच्या नगरापासून 6 किलोमीटरपर्यंत, सरळ रेषेने मोजलेल्या अंतरातील शेतजमीन करासाठी नागरी समजतात. 2011 च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली 12 लाखांवर व उल्हासनगर 5 लाखांवर होते. यात हद्दही हलते. कल्याण-डोंबिवलीभोवतालची 27 गावे 1983 साली महापालिकेत आली, 2002 साली बाहेर पडली व 2015 साली पुन्हा आत घेतली गेली. अशा नागरी शेतजमिनीच्या विक्रीतील नफा दोन वर्षांच्या आत दुसऱ्या शेतजमिनीत घातला तर तेवढ्यापुरती करात सूट मिळते. मात्र विकलेली जमीन त्याआधीची दोन वर्षे मालकाने किंवा त्याच्या आईबापांनी शेतीखाली ठेवलेली असावी लागते. विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत जमीन घेणे झाले नाही, तर रक्कम बँकेतील भांडवली नफ्याच्या खास खात्यात ठेवावी.

याच ठिकाणी एक गोष्ट सर्वांत जपण्याची आहे. 1948 च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्यास परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. सार्वजनिक कामासाठी संपादन होऊन भूमिहीन झालेल्यास कायद्याने सवलत ठेविली आहे. पण आपखुशीने शेवटचा गुंठा विकणाऱ्यास उद्या मुरबाड अगर शहापूर तालुक्यात शेत घ्यावयाचे झाल्यास स्वतःस शेतकरी म्हणून सिद्ध करणे कठीण जाते. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेतकरी, आणि दाखल्यासाठी खेटे! म्हणून नवी शेतजमीन आधी आपल्या नावे करून घ्यावी, मगच जुनीचा अखेरचा तुकडा सोडावा.

सोन्याविषयी थोडक्यात. ते अडीअडचणीस तोळ्या-तोळ्याने मोडता येते, हा त्याचा गुण. पीक काहीच देत नाही, हा दोष. व्याज देणारे सरकारी सुवर्णरोखे 2015 साली निघाले, पण 2024 च्या फेब्रुवारीनंतर नवे विक्रीस आलेले नाहीत. मोठ्या कचेऱ्या व व्यापारी इमारती यांच्या मालकीचे लहान हिस्से शेअरबाजारात मिळू लागले आहेत. त्यांस रीट म्हणतात. सेबीने त्यांचे नियम 2014 साली केले व पहिला रीट 2019 साली बाजारात आला. वाटपास योग्य उत्पन्नापैकी निदान 90 टक्के हिस्सेदारांस द्यावे लागते. भाव खालीवर होतो, तरी गरजेपुरते चार हिस्से विकता येतात, जे सदनिकेची एक खोली विकून साधत नाही.

दामदुपटीचे आमिष दाखविणाऱ्यांचे मात्र तोंडही पाहू नये. पर्ल्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पीएसीएल कंपनीने शेतजमीन देण्याच्या नावाखाली सुमारे 49,100 कोटी रुपये लोकांकडून गोळा केले. 2014 साली सेबीने ते परत करण्याचा हुकूम दिला व 2016 साली सर्वोच्च न्यायालयास त्यासाठी माजी सरन्यायाधीश लोढा यांची समिती नेमावी लागली. त्या गुंतवणूकदारांपैकी बहुतेकांनी आपली म्हणून सांगितलेली जमीन डोळ्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

विसार घेण्यापूर्वी सातबारा व फेरफार ताजे काढावेत, मोजणी करून घ्यावी, कुळाची नोंद राहिली आहे काय ते पाहावे. वडिलोपार्जित जमिनीत 2005 च्या दुरुस्तीने मुलींचा हक्क मुलांबरोबरीचा झाला आहे. तेव्हा बहिणींस सही करण्यापुरते कचेरीत न बोलावता भाव ठरविण्याच्या बैठकीसच बोलवावे, आणि त्यांचा वाटा करारातच आकड्याने लिहून त्यांच्या स्वतःच्या खात्यात जमा होईल असे कलम घालावे.