पहिलीत घालण्याआधी शाळा कशी पाहावी



बेणे घ्यायला जातो तेव्हा आपण किती चौकस असतो! मळा कुणाचा, बेणे दहा महिन्यांचे की जुने झालेले, डोळा फुगीर की वाळका, काणी किंवा गवताळ वाढ कुठे दिसते का, हे सारे वाकून, हात लावून पाहतो. मगच मोळ्या बांधायला सांगतो. लेकराची शाळा ठरवताना मात्र गाडी दारापर्यंत येते का आणि गळ्यात टाय आहे का, एवढ्यावर काम भागते.

मागच्या गट बैठकीत पाण्याचे आणि खताचे बोलणे आटोपल्यावर एका तरुण सभासदाने मला बाजूला घेतले. "गुरुजी, पोट्ट्याले सहावं लागते. दोन कॉन्व्हेंट हायेत. एकाची गाडी गावात येते, दुसऱ्याची फाट्यावर. कोनत्यात टाकू?" मी पस्तीस वर्षे मास्तरकी केली, आता बाकी बांध्यांत धान आणि नदीकडच्या तुकड्यात ऊस करतो. तरी उभ्या उभ्या उत्तर देता आले नाही. कारण दोन्ही शाळा मी आतून पाहिलेल्या नव्हत्या, आणि त्यानेही नव्हत्या.

आधी या शब्दाचेच पाहू. कॉन्व्हेंट म्हणजे मूळ ख्रिस्ती जोगिणींचा मठ. त्या मठांनी चालवलेल्या शाळा नावाजल्या, आणि आपल्या विदर्भात पुढे चार खोल्यांच्या कोणत्याही इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंट म्हणण्याची रीत पडली. पाटीवर हा शब्द आहे म्हणून आत काही विशेष आहे असे धरून चालू नये.

आता पहिली गोष्ट, मान्यतेची. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १८ प्रमाणे मान्यतेशिवाय खासगी शाळा चालवता येत नाही. चालवली तर एक लाख रुपयांपर्यंत दंड, आणि पुढेही चालूच ठेवली तर दिवसाला दहा हजार. पण हा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. नर्सरी, के.जी. त्याच्या बाहेर राहतात. येथेच फसगत होते. नर्सरी छान चालते, लेकरू रमते, संस्था "पुढच्या वर्षी पहिली काढतो" म्हणते, आणि पहिलीच्या मान्यतेचा कागद आलेलाच नसतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या स्वतःच्या नातवाचे असे झाले. शाळेचे नाव घेत नाही. सीनिअर के.जी. झाल्यावर त्याच इमारतीत पहिली सुरू झाली, मग दुसरी. फी नियमाने भरली. माझ्यासारखा मास्तर घरात असून एकदाही मान्यतेचा कागद मागितला नाही. दर वर्षी स्नेहसंमेलनाला पहिल्या रांगेत बसवत होते ना! दुसरी संपली आणि सुनेची बदली झाली म्हणून दाखला काढला, तर त्यावर शाळेचे नाव भलतेच. मुलगा दोन वर्षे बसला एका शाळेत आणि कागदावर शिकला दुसऱ्या तालुक्यातल्या शाळेत, जिचे तोंड त्याने पाहिले नव्हते. नवीन गावी हेडमास्तर विचारतात, हजेरी कुठली, प्रगतिपुस्तकावर शिक्का कुठला? सून रडायला लागली. शेवटी जिल्हा परिषदेच्या शाळेने घेतले. या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवावे लागते, आणि कलम ५ प्रमाणे दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. हे पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम सांगितले.

तेव्हा शाळेत गेल्यावर प्रथम विचारावे: पहिलीची मान्यता आहे का, आणि यूडायस नंबर काय? हा नंबर ११ आकड्यांचा असतो, आपल्या राज्याचा २७ ने सुरू होतो. लिहून घ्यावा आणि पंचायत समितीच्या शिक्षण विभागात जाऊन ताडून पाहावा. कागद मागितल्यावर ज्या संस्थाचालकाचा चेहरा बदलतो, तेथे पुढचे काही पाहू नये.

मान्यता नसलेली प्रत्येक शाळा फसवी असते असेही नाही. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी भाषेतून शिकवणारी शाळा स्वतः उभी केली. २०२२ मध्ये शिक्षण विभागाने तिला अनधिकृत ठरवून नोटीस दिली. ग्रामसभा आपल्या घटनात्मक अधिकारांचा आधार घेऊन उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे गेली. तेथल्या आईबापांनी सभेत बसून, समजून उमजून ते पाऊल उचलले होते. आमच्या घरात कुणी विचारलेच नव्हते, हा त्यातला फरक.

मोहगावच्या लोकांनी शाळा कशासाठी काढली हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. या एका जिल्ह्यात कितीतरी बोल्या! आपल्याकडे झाडी, आत गेले की गोंडी, भामरागडकडे माडिया, सिरोंच्याकडे तेलुगू, चामोर्शी-मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली, कोरचीकडे छत्तीसगडी. पाच-सहा वर्षांचे लेकरू यातली एक बोली घेऊन शाळेत येते. त्याला पुस्तकातली मराठीच अर्धी परकी असते. त्यावर एकदम इंग्रजी टाकली तर ते गप्प होते, नाही तर पोपटासारखे पाठ करते. आपण पाहुण्यांपुढे "बेटा, पोएम म्हण" म्हणतो, ते म्हणते, आपण खूश. त्या कवितेतला पाऊस म्हणजे आपल्या बांधीत पडतो तोच पाऊस, हे त्याला कळले का, हे कोणी विचारत नाही.

याचा अर्थ इंग्रजी नको असा नाही. मी असे सांगू लागलो तर तुम्ही म्हणाल, गुरुजींची पोरे पुण्याला नोकरीला आणि आम्हाला मराठीचे धडे देतात. इंग्रजी पाहिजेच. पण ती कशावर उभी करायची हा प्रश्न आहे. खोडवा चांगला यायचा तर आधीची लागण धड पाहिजे. घरच्या भाषेत वाचता, बोलता, विचारता आले की दुसरी भाषा त्यावर चढते. २००९ च्या कायद्याच्या कलम २९ मध्येही शक्यतो मातृभाषेतून शिकवावे असे आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणातही निदान पाचवीपर्यंत, जेथे शक्य असेल तेथे, घरच्या भाषेवर भर आहे. शिवाय आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी विषय आहे. उलट २०२० च्या कायद्याने इंग्रजी शाळांना मराठी शिकवणे सक्तीचे झाले. जी शाळा "आमच्याकडे मराठीचा त्रास नाही" असे मिरवते, ती कायदा मोडते आहे.

याच जिल्ह्यातले हेमलकसा पाहा. लोकबिरादरी प्रकल्पाने १९७६ मध्ये तेथे माडिया मुलांसाठी आश्रमशाळा काढली. इंग्रजी माध्यमाचा डौल नव्हता, तरी तेथून निघालेली मुले पुढे डॉक्टरही झाली. आणि लहान मुलांच्या शाळेचे म्हणाल तर ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामबालवाडी सुरू केली, पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत नेले. अनुताई वाघ त्यांच्या बरोबरीने राहिल्या. मुले गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर त्या शाळाच कुरणात घेऊन गेल्या. शिंपले, बिया, पाने यांवर मोजणी शिकवली. मॉन्टेसरीबाईंची पद्धत विलायती, पण साहित्य रानातले आणि बोली मुलांची. आज हजार रुपयांचा रंगीत प्लास्टिकचा संच दाखवून जी नर्सरी प्रवेश घेते, तिथे बाई मुलाशी त्याच्या बोलीत बोलतात का, हे आधी ऐकावे.

आता शाळा पाहायची कशी? प्रवेशाच्या दिवशी जाऊ नये. त्या दिवशी फुगे लावलेले असतात. मधल्या एखाद्या वारी, शाळा चालू असताना जावे. दोघांनी जावे, मुलाची आई बरोबर असलीच पाहिजे. तिला जे दिसते ते आपल्याला दिसत नाही. संडास पाहावा, मुला-मुलींचे वेगळे आहेत का, पाणी आहे का. पिण्याचे पाणी, कुंपण, मैदान पाहावे. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीत साठ मुलांपर्यंत निदान दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन पाहिजेत, आणि वर्षाला २०० दिवस शाळा. शिकवणाऱ्या बाई डी.एड. आहेत का, शिक्षक पात्रता परीक्षा झाली आहे का, हे विचारण्यात अपमान कसला? आपण ट्रॅक्टर चालवणाऱ्यालाही लायसन विचारतो. तसेच दर वर्षी शिक्षक बदलतात का हेही विचारावे. पगार वेळेवर नसला की बाई टिकत नाहीत, आणि लहान मूल बाईला धरून शिकते.

मग एक युक्ती करावी. "असर" नावाची पाहणी २००५ पासून देशभर होते. तीत पाहणी करणारे गावात घरोघर जाऊन मुलांसमोर दुसरीच्या पातळीचा लहान उतारा ठेवतात आणि वाचायला सांगतात. हातच्याची वजाबाकी घालतात. आपणही तेच करावे. दुसरीचे मराठी पुस्तक पिशवीत टाकावे आणि त्या शाळेत तिसरी-चौथीत जाणारी आपल्या गावची चार मुले संध्याकाळी ओट्यावर बसवावीत. वाचा म्हणावे. मग पुस्तक मिटून, काय वाचले ते तुझ्या शब्दांत सांग म्हणावे. ५२ मधून २७ वजा करायला सांगावे. इंग्रजी शाळेचे मूल असेल तर इंग्रजी पुस्तकातलेही वाचून अर्थ सांगायला लावावे. अर्धा तास लागतो. त्या तरुण सभासदाने हे केले. ज्या शाळेची गाडी दारात येते तिथली चारपैकी तीन मुले इंग्रजी धडधड वाचत होती आणि एकालाही अर्थ सांगता आला नाही. फाट्यावरच्या शाळेची मुले हळू वाचत होती, अडखळत होती, पण गोष्ट सांगताना हसत होती. आणि गावच्या जिल्हा परिषद शाळेची एक मुलगी उगीच येऊन बसली होती, तिने वजाबाकी सगळ्यांच्या आधी केली! तेव्हा दोन खासगी शाळांत निवड करण्यापूर्वी गावची शाळाही याच मापाने मोजून पाहावी. तेथे बाई चांगल्या असतील तर गाडीचे पैसे वाचतात.

पैशाचे बोलायचे तर, फी जूनमध्ये मागतात आणि उसाचे बिल गाळप झाल्यावर येते. मधल्या काळात सोसायटीचे कर्ज खताऐवजी फीला जाते, हे मी तीन-चार घरांत पाहिले आहे. म्हणून पहिल्या वर्षाची फी पाहू नये. शाळा कितवीपर्यंत आहे, तोवर दोन मुलांचे मिळून गाडी, पुस्तके, गणवेश धरून किती होईल, ते मांडावे. कॅपिटेशन फीला, म्हणजे आपण ज्याला डोनेशन म्हणतो त्याला, राज्यात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. २००९ च्या कायद्यानेही आहे, आणि तेथे दंड घेतलेल्या रकमेच्या दहापट. चार वर्षांच्या मुलाची किंवा तुमची मुलाखत घेऊन निवड करणेही त्यात मना आहे. राज्याच्या २०११ च्या शुल्क कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघ असला पाहिजे, त्याच्या कार्यकारी समितीपुढे फीचा प्रस्ताव यावा लागतो. त्या समितीत आपला एखादा सभासद असावा. पावतीशिवाय रुपया देऊ नये.

गाडीबद्दल थोडेच. २०११ च्या स्कूल बस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती पाहिजे. गळिताच्या दिवसांत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आपल्याच असतात, सकाळी धुके असते. मालवाहू गाडीत बाक टाकून मुले नेणाऱ्या शाळेला तेथेच नमस्कार करावा.

खासगी शाळेतल्या पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी राखीव असतात आणि आठवीपर्यंत फी लागत नाही. अनुसूचित जाती-जमाती व इतर वंचित घटकांना उत्पन्नाची अट नाही. दुर्बल घटकात वर्षाला एक लाखाच्या आत उत्पन्न पाहिजे. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट, असा नियम शासनाने ९ फेब्रुवारी २०२४ ला केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो १९ जुलै २०२४ रोजी रद्द केला, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालण्यास नकार दिला. म्हणून "ती योजना बंद झाली" असे कुणी सांगितले तर ऐकू नये. अर्ज ऑनलाइन असतो, जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत निघते. मुलाचा जन्मदाखला, राहण्याचा पुरावा, जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला लागतो. तहसीलमध्ये ऐनवेळी रांग लागते आणि आपण तेव्हा तोडणीत गुंतलेले असतो, म्हणून हे दाखले दिवाळीच्या सुमारासच काढून ठेवावेत. पहिलीसाठी मूल त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षांचे पूर्ण व्हावे लागते. जन्मदाखल्यावर नावाचे स्पेलिंग आधारप्रमाणे आहे का, तेही त्याच वेळी पाहून घ्यावे.